कचरा, नाला, धूर : तक्रार कुणाकडे करायची आणि पुढे तिचं काय होतं?



दहावीच्या उपयोजित लेखनात पत्रलेखनाचा प्रश्न असतो. 'परिसरातील अस्वच्छतेबाबत आरोग्य अधिकाऱ्यांना तक्रार पत्र लिहा' हा विषय तर आपल्या ओळखीचाच. आपण मायना लिहितो, विषय लिहितो, 'आपला विश्वासू' लिहितो आणि गुण मिळाले की विसरून जातो. खऱ्या आयुष्यात मात्र पत्र जिथं संपतं तिथून त्याचा प्रवास सुरू होतो. ते कुठल्या टेबलावर जातं? कोण वाचतं? उत्तर नाही आलं तर काय करायचं? आजच्या पाठात हाच प्रवास समजून घेऊया. उदाहरणं आपल्याच परिसरातली घेऊ, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरची.

१) तीन शेजारी शहरं, दोन वेगळे कायदे

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलो की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं एकामागून एक येतात. एक शहर कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं, हे खिडकीतून कळतही नाही. कारभार मात्र वेगळा आहे.

उल्हासनगर ही महानगरपालिका आहे. तिचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार चालतो आणि प्रशासनाचे प्रमुख असतात आयुक्त. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा आहेत. त्यांना १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू आहे आणि तिथं प्रशासनाचे प्रमुख असतात मुख्याधिकारी. म्हणून उल्हासनगरचा अर्ज 'मा. आयुक्त' यांच्या नावे जातो, अंबरनाथ-बदलापूरचा 'मा. मुख्याधिकारी' यांच्या नावे.

दोन्ही कायद्यांत एक गोष्ट सारखी आहे. रस्ते झाडणं, कचरा उचलणं, गटारं आणि नाले साफ ठेवणं ही कामं स्थानिक संस्थेच्या मर्जीवर सोडलेली नाहीत, ती तिची कर्तव्यं आहेत. महानगरपालिकेच्या कायद्यात ती कलम ६३ मध्ये आहेत, नगरपरिषदेच्या कायद्यात कलम ४९ मध्ये. म्हणजे तक्रार करताना आपण मेहेरबानी मागत नसतो. ठरलेलं काम झालेलं नाही, एवढंच नोंदवत असतो.

२) आधी कामाचा मालक शोधा

आपल्याकडे सगळ्या गोष्टींची तक्रार 'पालिकेत' करायची सवय आहे. अर्धे अर्ज इथंच अडकतात, कारण प्रत्येक त्रासाचा मालक पालिका नसते. खालची यादी वहीत लिहून ठेवा.

• घंटागाडी आली नाही, कचरा साचला, गटार तुंबलं, मेलेलं जनावर पडलंय : महापालिका किंवा नगरपरिषदेचा आरोग्य (स्वच्छता) विभाग. सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे तुमच्या भागाचा मुकादम आणि त्याच्या वर स्वच्छता निरीक्षक. उल्हासनगरात प्रभाग समितीचं कार्यालयही आहे.

• नळाला गढूळ पाणी येतंय : इथं बरेच जण चुकतात. अंबरनाथ आणि बदलापुरात पाणीपुरवठा नगरपरिषद करत नाही, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करतं. त्यामुळे नगरपरिषदेत दिलेला पाण्याचा अर्ज फार तर पुढे पाठवला जातो. उल्हासनगरात उलट आहे. तिथं महापालिका एमआयडीसीकडून पाणी घेते आणि शहरात स्वतः वाटते, म्हणून तक्रार महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात करायची.

• नाल्यात रंगीत पाणी, रसायनाचा उग्र वास, कारखान्याचा धूर : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. आपल्या भागासाठी त्यांचं कार्यालय कल्याणला आहे. १९७४ च्या जल कायद्यानुसार आणि १९८१ च्या वायू कायद्यानुसार कारखान्यांना परवानगी देणं, पाण्याचे नमुने घेणं, नोटीस देणं हे अधिकार मंडळाचे आहेत.

• औद्योगिक वसाहतीतला रस्ता किंवा गटार : एमआयडीसी. अंबरनाथच्या आनंदनगर किंवा बदलापूरच्या माणकिवली भागात हे लक्षात ठेवावं लागतं.

• रात्री दहानंतर लाउडस्पीकर : पोलीस. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

• विनापरवाना झाड तोडलं : पालिकेचं वृक्ष प्राधिकरण. त्यासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे.

• रेल्वेच्या हद्दीतला कचरा : रेल्वे. रुळाच्या कडेचा ढीग पालिकेचा की रेल्वेचा, यावर बरीच पत्रं इकडून तिकडे फिरतात. म्हणून हद्दीबद्दल शंका असेल तेव्हा दोघांनाही प्रत द्या.

३) वालधुनीचा धडा

मालक नीट ठरला नाही तर काय होतं, हे शिकवायला आपल्याकडे एक नदीच आहे. वालधुनी काकोळेच्या बाजूच्या डोंगरातून निघते. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून ती वाहते. त्या मंदिराचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. पुढे उल्हासनगर आणि कल्याण ओलांडून ती उल्हास खाडीला मिळते. आज अनेक मुलं तिला 'नाला' म्हणतात, कारण त्यांनी तिला नदीसारखं पाहिलेलंच नाही.

या एका प्रवाहात घरांचं सांडपाणी येतं, त्याची जबाबदारी पालिकांची. कारखान्यांचं पाणी येतं, त्यावर लक्ष प्रदूषण मंडळाचं. औद्योगिक वसाहत एमआयडीसीची. रात्री टँकर रिकामा करून पळणारा सापडला तर गुन्हा पोलिसांकडे. प्रत्येकाकडे नदीचा एकेक तुकडा आहे, अख्खी नदी कुणाकडेच नाही. रहिवासी वासाची तक्रार करत राहिले की प्रत्येक कार्यालयाला 'हा विषय आमच्याकडचा नाही' असं म्हणायला जागा राहते.

२०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस उल्हासनगरात वालधुनीत रसायन सोडलं गेलं आणि त्यातून विषारी वायू पसरला. शेकडो माणसांना मळमळ, डोळ्यांची जळजळ आणि श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात जावं लागलं. वासाची तक्रार 'किरकोळ' का समजायची नाही, याचं उत्तर त्या घटनेत आहे. अशा वेळी अर्ज लिहीत बसायचं नसतं. आधी ११२ वर फोन करायचा, मग घराबाहेर वाऱ्याच्या उलट दिशेला जायचं, लेखी नोंद नंतर.

त्याआधीच, २०१३ मध्ये, 'वनशक्ती' ही संस्था उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न घेऊन पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती. २०१५ च्या जुलैमध्ये लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि स्थानिक संस्था यांच्यावर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा भार टाकला. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. यातली शिकण्याची गोष्ट रकमेपेक्षा वेगळी आहे. लवादासमोर सगळ्या कार्यालयांना एकाच वेळी, एकाच जागी उभं राहून उत्तर द्यावं लागलं. सुटा अर्ज जे करू शकत नाही ते एकत्रित दाव्याने केलं. तरीही असा दावा उभा राहतो तो नोंदींवर. तारखा, फोटो, पोचपावत्या, नमुन्यांचे अहवाल नसतील तर न्यायालयात सांगायला काही उरत नाही.

४) अर्ज आत गेल्यावर काय होतं?

तुम्ही अर्ज आवक-जावक विभागात देता. तिथला कर्मचारी त्यावर शिक्का मारतो, आवक क्रमांक आणि तारीख टाकतो. तुमच्या दुसऱ्या प्रतीवरही तोच शिक्का घ्यायचा, तिला आपण 'पोच' म्हणतो. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे पक्कं लक्षात ठेवा.

तिथून अर्ज विभागप्रमुखाकडे जातो. ते त्यावर शेरा मारून तो स्वच्छता निरीक्षकाकडे पाठवतात. निरीक्षक जागेवर जाऊन पाहणी करतो, मुकादमाला किंवा ठेकेदाराला काम सांगतो आणि अहवाल लिहितो. मग अर्ज 'निकाली' निघतो आणि तुम्हाला कळवलं जातं. कागदावर रस्ता सरळ आहे. अडतो तो साधारण तीन ठिकाणी : पत्ता नीट नसतो म्हणून पाहणी होत नाही, काम ठेकेदाराकडे असतं आणि तो टाळतो, किंवा काम न होताच 'निकाली' लिहिलं जातं.

ठेकेदाराची गोष्ट जरा समजून घ्या. कचरा उचलायचं काम अनेक ठिकाणी ठेक्यावर दिलेलं असतं. काम चुकलं तर बिलातून दंड कापायची अट ठेक्यात घालता येते. पण दंड कापायला अधिकाऱ्याला पुरावा लागतो. 'लोक ओरडतात' हा पुरावा नाही; 'या गल्लीत या तीन तारखांना गाडी आली नाही' ही लेखी तक्रार मात्र पुरावा आहे. म्हणजे तुमचा अर्ज हा अधिकाऱ्याविरुद्धच असतो असं नाही. काम करू इच्छिणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातातलं ते हत्यारही असतं.

मोबाइलवरून करायची असेल तर केंद्र सरकारच्या स्वच्छ भारत अभियानाचं 'स्वच्छता' ॲप आहे. त्यात फोटो आणि ठिकाण आपोआप जातं. छोट्या, रोजच्या त्रासासाठी ते सोयीचं आहे. पण पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्रासासाठी कागदी अर्जच द्या आणि ॲपचा तक्रार क्रमांक त्यात संदर्भ म्हणून लिहा.

५) चांगल्या अर्जात काय असतं?

राग खरा असला तरी अर्जात रागाचा उपयोग नाही. पाहणीला येणाऱ्या माणसाला काय हवं असतं, तेवढं लिहा : कुठं, कधीपासून, किती वेळा, कुणाला त्रास, आणि नेमकं काय करायला हवं. एक नमुना पाहूया.

*प्रति,*
*मा. मुख्याधिकारी,*
*(शहराचं नाव) नगरपरिषद.*

*विषय : (गल्लीचं नाव) येथील उघडे गटार तुंबल्याबाबत.*
*संदर्भ : 'स्वच्छता' ॲपवरील तक्रार क्र. ……, दि. ……*

*महोदय,*
*वरील गल्लीत अंगणवाडीच्या फाटकासमोरचे सुमारे २० फूट लांबीचे गटार दि. …… पासून तुंबलेले आहे. सांडपाणी रस्त्यावर येते आणि लहान मुलांना त्यातून चालत जावे लागते. ॲपवर तक्रार केल्यावर दि. …… रोजी ती 'पूर्ण' दाखवली गेली, परंतु गटार साफ झालेले नाही. सोबत त्याच दिवशीचे दोन फोटो जोडले आहेत.*
*कृपया गाळ काढून तो तिथेच न ठेवता उचलून न्यावा आणि केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी, ही विनंती.*

*आपला/आपली,*
*अ. ब. क.*
*सोबत : फोटो (२), रहिवाशांच्या सह्या (१४)*

पाहिलंत? 'प्रशासन झोपलंय का' असं एकही वाक्य नाही. पण टाळायला एकही फट नाही. 'गाळ उचलून न्यावा' हे वाक्य मुद्दाम घातलंय, कारण गाळ काढून गटाराच्या काठावर ठेवला आणि पहिल्याच पावसात तो परत आत गेला, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. आणि शेवटची 'लेखी माहिती द्यावी' ही ओळ कधीही विसरू नका. तिच्यामुळे कुणाला तरी उत्तरावर सही करावी लागते.

६) उत्तर आलं नाही, किंवा खोटं 'निकाली' निघालं तर?

मग पायरी चढायची. एकदम मंत्र्यांना पत्र लिहून उपयोग नसतो. ते फिरून त्याच टेबलावर येतं.

पहिली पायरी : पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. त्यात जुना आवक क्रमांक लिहायचा. प्रत नगरसेवकांना द्यायची. (मधली काही वर्षं या तिन्ही शहरांत निवडणुका रखडल्या होत्या, नगरसेवक नव्हते आणि कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात लेखी नोंदीचं महत्त्व लोकांना जास्त कळलं.)

दुसरी पायरी : राज्य सरकारचं 'आपले सरकार' तक्रार निवारण संकेतस्थळ. इथं टोकन क्रमांक मिळतो आणि तक्रार कुठं आहे ते पाहता येतं. याशिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकांमध्ये 'लोकशाही दिन' असतो. त्यासाठी आधी अर्ज द्यावा लागतो आणि खालच्या कार्यालयात तक्रार केल्याची नोंद दाखवावी लागते. पोच जपून ठेवायला सांगितलं ते यासाठीच.

तिसरी पायरी : माहितीचा अधिकार, २००५. शुल्क १० रुपये, अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत. 'काम का केलं नाही' असं विचारू नका. 'का' हा प्रश्न बहुतेक वेळा परत येतो. त्याऐवजी कागद मागा : 'माझ्या आवक क्र. …… च्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या, पाहणी अहवालाच्या आणि शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात.' ३० दिवसांत माहिती यायला हवी. नाही आली तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांच्या आत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. पुष्कळदा दुसऱ्या अपिलापर्यंत जायची वेळच येत नाही. माहितीचा अर्ज पोचला की जुनी फाईल बाहेर निघते आणि गटार साफ होतं.

चौथी पायरी : सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश. तो कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत, देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. मोठ्या पर्यावरणीय प्रश्नासाठी हरित लवाद आहेच.

७) 'निधी नाही' हे उत्तर चालतं का?

यावर आपल्या देशात एक सुंदर निकाल आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरात एका वस्तीत उघडी गटारं होती, शौचालयांची सोय नव्हती. रहिवासी याच कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे गेले. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला काम करायचा आदेश दिला. नगरपालिका 'आमच्याकडे पैसे नाहीत' म्हणत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८० मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला : पैशांची चणचण हे सांगून नगरपालिकेला आपलं मूलभूत कर्तव्य टाळता येणार नाही.

मुलांनो, हा खटला एखाद्या मोठ्या संघटनेने सुरू केलेला नव्हता. त्याची सुरुवात गटाराच्या वासाने वैतागलेल्या साध्या रहिवाशांच्या अर्जाने झाली होती. आजही तुमच्या हातात 'निधी उपलब्ध झाल्यावर काम करण्यात येईल' असं उत्तर पडलं, तर रतलाम हे नाव आठवा.

८) आपली बाजू स्वच्छ आहे ना?

तक्रार करणाऱ्याचा हात स्वच्छ असावा लागतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देण्याची जबाबदारी घराघरावर टाकली. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असंही त्यात होतं. बदलापूर-अंबरनाथच्या नव्या संकुलांना ते थेट लागू पडत होतं. अंबरनाथची चिखलोली असो, उल्हासनगर कॅम्प ५ ची खडी मशीन असो की बदलापूरचं वालिवली असो, कचराभूमीच्या धुराची तक्रार तिथले लोक करतात. पण तो ढीग सगळ्या शहराने घातलेला असतो. ओल्या कचऱ्यापासून तयार होणारा वायू पेट घेतो. आपण आज सकाळी एकत्र बांधून दिलेली पिशवी काही महिन्यांनी त्यांच्या खिडकीत धूर होऊन जाते. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये, असा दंड हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये ठरवला होता.

आणि एक विनंती. घंटागाडीवरच्या दादांवर किंवा झाडूवाल्या मावशींवर ओरडू नका. गाडी कमी आहे, हातमोजे नाहीत, माणसं अपुरी आहेत हे त्यांच्या हातात नसतं. तक्रार कामाची करा आणि ती निर्णय घेणाऱ्याकडे करा.

उपक्रम

१. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर दिसणाऱ्या कोणत्याही तीन त्रासांची यादी करा. प्रत्येकाचा 'मालक' कोण ते समोर लिहा.
२. त्यातला एक निवडून वरच्या नमुन्याप्रमाणे अर्ज लिहा. पालकांना दाखवा, त्यांच्या सहीने तो खरोखर द्या आणि पोच आणा.
३. पुढचे ३० दिवस वहीत तारीखवार नोंद ठेवा : कोण आलं, काय सांगितलं, काय झालं.
४. चर्चा करा : वालधुनीसाठी एकच जबाबदार कार्यालय असतं तर काय फरक पडला असता?

पत्रलेखनाच्या प्रश्नाला परीक्षेत मोजकेच गुण असतात. पण त्यातलं एखादं पत्र पोच घेऊन परत आलं आणि अंगणवाडीसमोरचं गटार वाहतं झालं, तर त्या पत्राने चिमुकल्यांची वाट कोरडी केली, असं म्हणता येईल. काम झालं तर आणि नाही झालं तरीही, तुमची नोंदवही वर्गात नक्की घेऊन या.